सम कुठे पडते : स्पेक्ट्रमच्या इंटरप्टमागची गोष्ट

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. आजच्या संगणकावर त्याची नक्कल करणारा 'फ्यूझ' नावाचा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, उघडलात, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'लेट टायमिंग' अशी एक चौकोनी खूण दिसते. तिच्यावर क्लिक केलं की पडद्याशी संबंधित सगळ्या घडामोडी एका टी-स्टेटने उशिरा होतात. टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका, सेकंदाचा साधारण ३५ लाखावा भाग. एवढ्याशा फरकासाठी वेगळं सेटिंग का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

स्पेक्ट्रम १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. आत झेड८०ए प्रोसेसर, आणि शेजारी फेरांती कंपनीने बनवलेली यूएलए नावाची चिप. यूएलएचं मुख्य काम टीव्हीवर चित्र रेखाटणं. नवी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं पुढचं चित्र, सुरू झाली की ती प्रोसेसरची इंटरप्टची तार खाली ओढते. इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून दुसरीकडे बघ, अशी प्रोसेसरला दिलेली हाक. म्हणजे हा इंटरप्ट मुळात टीव्हीचा ठेका आहे. एका ओळीला २२४ टी-स्टेट, अशा ३१२ ओळी, एकूण ६९,८८८. ३५ लाखांना त्याने भागलं की सेकंदाला ५०.०८ इंटरप्ट येतात. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर ६९,८८८ मात्रांचं आवर्तन आणि इंटरप्ट ही त्याची सम. समेपासून ६४ ओळी, म्हणजे १४,३३६ टी-स्टेट मोजले की चित्राचा पहिला ठिपका.

हे गणित आपल्याला परकं नाही. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेही ६२५ ओळींचं आणि सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमचं. १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. माझ्याकडचा डीबी लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यातून आला. रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण जुना पार्ट शोधणारा माणूस आजही 'लॅमिंग्टन'लाच जातो.

नव्वदच्या दशकात पीसीच्या डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारे एम्युलेटर आले. गेर्टन लुंटर यांचा 'झेड८०' त्यांतला सर्वांत परिचित. तेव्हाचे पीसी मंद, त्यामुळे सरळ वाट अशी: ६९,८८८ टी-स्टेट भरेपर्यंत सूचना चालवा, मग इंटरप्ट द्या, मोजणी शून्यावर आणा. बहुतेक खेळांचं यावर भागतं.

मीही माझा एम्युलेटर असाच लिहिला होता. बॉर्डरवर, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीवर, रंगीत पट्टे काढणारा एक छोटा प्रोग्राम एम्युलेटरवर आणि खऱ्या डीबीवर असा दोन्हीकडे लावला, परळच्या घरी, टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी जुना टीव्ही. लॅपटॉपवर पट्टे दगडासारखे स्थिर. टीव्हीवर मात्र पट्ट्यांच्या कडा आठ-आठ ठिपक्यांनी थरथरत होत्या. मला वाटलं डीबीच बिघडलाय. बिघाड माझ्या कोडमध्ये होता. झेड८० हातातली सूचना संपल्याशिवाय इंटरप्ट घेत नाही आणि काही सूचना २३ टी-स्टेटपर्यंत लांबतात. म्हणून समेवर पोचायला प्रोसेसरला कधी २ टी-स्टेट उशीर होतो, कधी १५. मोजणी शून्यावर आणताना मी हा उशीर दर फ्रेमला पुसून टाकत होतो. शून्य करायचं नाही, ६९,८८८ वजा करायचे आणि उरलेलं पुढे न्यायचं. एक ओळ बदलली आणि लॅपटॉपवरचे पट्टेही थरथरू लागले. त्या रात्री मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

थरथर नको असलेले त्या काळचे प्रोग्रामर 'हॉल्ट', म्हणजे इंटरप्ट येईपर्यंत थांबायची सूचना, वापरत. हॉल्टमध्ये प्रोसेसर चार-चार टी-स्टेटने वाट पाहतो, त्यामुळे चूक तीनच्या पलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट तार किती वेळ खाली राहते याची. ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, मॉडेलवर फक्त ३२ टी-स्टेट. दादरला लोकल थांबते तसं: तेवढ्यात चढलात तर चढलात, नाहीतर गाडी गेली. त्या वेळी प्रोग्रामने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर तो इंटरप्ट कायमचा हुकतो. बरेच एम्युलेटर तो राखून ठेवत आणि नंतर देत, म्हणजे खऱ्या यंत्रावर न होणारी गोष्ट घडत असे. उलट बाजूही आहे. इंटरप्ट फार लवकर आटोपला आणि तार अजून खालीच असली, तर तो पुन्हा लागतो. झेड८०च्या इंटरप्ट घेण्याच्या पद्धतींपैकी 'मोड २' मध्ये स्वीकाराला १९, इंटरप्ट पुन्हा चालू करणाऱ्या 'ईआय' सूचनेला ४, मूळ कामावर परतवणाऱ्या 'रेट'ला १०, बेरीज ३३. एका टी-स्टेटने सुटका.

सम चुकली की पुढचं सगळं सरकतं. यूएलए चित्र रेखाटत असताना प्रोसेसरने १६,३८४ ते ३२,७६७ या पत्त्यांना हात लावला, तर त्याला ६, ५, ४, ३, २, १, ०, ० या क्रमाने थांबवलं जातं. कुठल्या पायरीवर पोचलात त्यावर थांबणं ठरतं. म्हणूनच लुंटर यांच्या स्नॅपशॉटच्या, म्हणजे चालू यंत्राची त्या क्षणीची स्थिती जपणाऱ्या फाइलच्या, तिसऱ्या आवृत्तीत मेमरी आणि रजिस्टरांसोबत (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) फ्रेममधला टी-स्टेटही साठवू लागले.

आणि ती 'लेट'ची खूण? सगळी स्पेक्ट्रम यंत्रं एकसारखी नाहीत. काहींत ही पायऱ्यांची रांग १४,३३५ ला सुरू होते, काहींत १४,३३६ ला, आणि काही यंत्रांत यूएलए तापली की तेच यंत्र एका गटातून दुसऱ्यात जातं. माझा डीबी मे महिन्यात दुपारी चालू केला, तर मी आधी वीस मिनिटं त्याला नुसताच चालू ठेवतो, मग तुलना करायला बसतो. एम्युलेटरमध्ये तेव्हा 'लेट'वर खूण केलेली असते.