एकाच वाड्यातली शंभर बिऱ्हाडं

वाड्याला नंबर एकच, आत बिऱ्हाडं शंभर. पाकिटावर नुसता घरनंबर असेल आणि नावच नसेल, तर पोस्टमननं पत्र द्यायचं कोणाला? १९९५ च्या आसपास लोकांना इंटरनेट जोडून देणाऱ्या अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांपुढे नेमका हाच पेच होता.

या कंपन्या म्हणजे बड्या टेलिफोन कंपन्या नव्हेत. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनची 'द वर्ल्ड' आणि न्यूयॉर्कची 'पॅनिक्स' या दोन्ही १९८९ मध्ये सुरू झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी तशाच आणखी निघाल्या. एक-दोन युनिक्स संगणक, फळीवर रांगेनं मांडलेले मोडेम (फोनलाइनवरून संगणक जोडणारी यंत्रं), प्रत्येक मोडेमला एक फोनलाइन आणि इंटरनेटकडे जाणारी एक भाड्याची लाइन, एवढ्यावर धंदा उभा राही. सगळी गिऱ्हाइकं एकाच वेळी फोन लावणार नाहीत या भरवशावर दहाबारा जणांमागे एक मोडेम ठेवायचा. रात्री हा भरवसा साफ कोसळे आणि कानावर एंगेज टोन पडे.

आपल्याकडे तेव्हा असं दुकान कोणाला थाटताच येत नव्हतं. सरकारी विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सेवा सुरू केली, आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं ते थेट नोव्हेंबर १९९८ मध्ये.

या दुकानदारांना परवडणारं सॉफ्टवेअर म्हणजे अर्थातच फुकटातलं. मागेल त्याला वेब-पानं पुरवण्यासाठी बहुतेकांकडे इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर हा प्रोग्रॅम होता. १९९४ च्या मध्यावर मॅकूल संस्था सोडून गेले आणि काम थंडावलं. मग ज्याला जी अडचण आली त्यानं ती आपल्यापुरती दुरुस्त केली. फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ जणांनी ईमेलवरून एकत्र येऊन आपापली ठिगळं जोडायला घेतली. ब्रायन बेलेनडॉर्फ हे त्यांतले एक. ठिगळाला इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणून 'अ पॅची' सर्व्हर, म्हणजेच 'अपाची', अशी कोटी तेव्हापासून सांगितली जाते. अपाची या मूळच्या अमेरिकी लोकांच्या आदराखातर नाव ठेवलं, असंही बेलेनडॉर्फ सांगतात. मला मात्र त्यात आपली गोधडीच दिसते. १ डिसेंबर १९९५ ला अपाची १.० आला आणि वर्षभरात जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर ठरला.

आता तो वाडा. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावाची वेबसाइट हवी; संगणक मात्र एकच. त्या वेळी ब्राउझर काय करायचा? वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर, शोधायचा, त्या क्रमांकाशी जोडून घ्यायचा आणि म्हणायचा, 'मुख्य पान दे.' कोणाचं, ते सांगायचाच नाही. नाव वाटेतच गळून गेलेलं असायचं. त्यामुळे प्रत्येक वेबसाइटला वेगळा क्रमांक देणं भाग पडे. जगभरात क्रमांक एकूण सुमारे ४३० कोटी. छोट्या कंपनीच्या वाट्याला अनेकदा २५६ चा एखादा गठ्ठा. त्यातूनच फोन लावणाऱ्यांनाही क्रमांक द्यायचे. शंभर वेबसाइट झाल्या की ओढाताण सुरू.

उपाय पोस्टमनला सुचेल इतका साधा होता: पाकिटावर नाव लिहा. ब्राउझरनं मागणीसोबत 'होस्ट' नावाची एक ओळ धाडायची आणि तीत वेबसाइटचं नाव लिहायचं. १९९६ मध्ये अपाची ती ओळ वाचून ज्याचं पान त्याला देऊ लागला. जानेवारी १९९७ मध्ये ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीनं ती सक्तीची केली. ओळ नसेल तर सर्व्हरनं मागणी नाकारायची. एका क्रमांकावर शेकडो वेबसाइट बसू लागल्या आणि स्वस्त होस्टिंगचा, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइट आपल्या संगणकावर ठेवण्याचा, धंदा फोफावला.

पण सुरक्षित वेबसाइटच्या बाबतीत हाच पेच पुन्हा उभा राहिला. तिथे सगळं बोलणं कुलूपबंद. सर्व्हरनं कुलूप उघडण्याआधीच आपलं ओळखपत्र दाखवायचं असतं, आणि होस्टची ओळ तर कुलपाच्या आत. कोणाचं ओळखपत्र दाखवायचं? २००३ मध्ये तोडगा ठरला: नाव कुलपाच्या बाहेर, उघड लिहायचं. अपाचीला ते जमायला २००९ उजाडलं. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच जमलं नाही. त्यामुळे एक्सपी वापरणारी गिऱ्हाइकं सांभाळायची होती तोवर होस्टिंगवाले सुरक्षित वेबसाइटसाठी वेगळ्या क्रमांकाचे वेगळे पैसे लावत राहिले.