फ्लॉपीवरचे लिनक्स

कर्नल (प्रणालीचा गाभा), शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) आणि रोजच्या कामाच्या आज्ञा एका, फार तर दोन साडेतीन इंची फ्लॉपींत बसवून चालवली जाणारी लिनक्स प्रणाली. सीडीवरून बूट न होणाऱ्या 386, 486 आणि सुरुवातीच्या पेन्टियम संगणकांवर ती वापरतात. टॉम्सआरटीबीटी आणि म्यूलिनक्स ही तिची परिचित उदाहरणे.

सगळी ओढाताण जागेची. दोन बाजू, बाजूला 80 ट्रॅक, ट्रॅकला 18 सेक्टर, सेक्टरला 512 बाइट. हिशेब 1,440 केबीवर थांबतो. टॉम्सआरटीबीटीने 82 ट्रॅक आणि 21 सेक्टर आखून त्याच फ्लॉपीत 1,722 केबी बसवले. मात्र यूएसबीवर चालणारे फ्लॉपी ड्राइव्ह सहसा ही आखणी जुमानत नाहीत. अशी फ्लॉपी मदरबोर्डला 34 पिनांच्या केबलने जोडलेल्या ड्राइव्हमध्येच लिहावी. आज्ञांची जागा बिझीबॉक्सने वाचवली. ब्रूस पेरेन्स यांनी 1995-96 मध्ये डेबियनच्या इन्स्टॉल फ्लॉपीसाठी तो लिहिला. त्यात अनेक आज्ञा एकाच फाइलमध्ये असतात, बाकी नुसते दुवे.

कर्नल 2.0 किंवा 2.2 मालिकेतला घ्यावा. 2.6 पासून कर्नल फ्लॉपीवर थेट लिहून बूट होत नाही, आणि 2013 च्या 3.8 मध्ये 386 चा आधारच काढला गेला.

यंत्र पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेले असेल, तर वीज देण्याआधी पॉवर सप्लायच्या मागचा खटका पाहावा. तो 115 वर असेल तर 230 वर आणावा, नाहीतर पहिल्याच क्षणी धूर निघतो. बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या प्राथमिक प्रोग्रामची) बॅटरी बहुधा मेलेली असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून यंत्राला चालणारा सेल, जसे सीआर2032, आणून घातला, की ड्राइव्ह 1.44 एमबीचा आणि बूटचा क्रम आधी ए (फ्लॉपी), मग सी (हार्ड डिस्क) असा नोंदवावा. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा अखंड पेटून राहिला, तर केबल उलटी लागली आहे.

मूळ फाइलप्रणाली आवळून फ्लॉपीत ठेवतात आणि बूट होताना रॅमडिस्कमध्ये, म्हणजे रॅममध्ये बनवलेल्या तात्पुरत्या डिस्कमध्ये, उलगडतात. स्वतः फ्लॉपी बनवताना 4 एमबीची प्रतिमा (डिस्कसारखी वापरायची फाइल) आधी शून्यांनी भरावी आणि मगच तिच्यावर फाइलप्रणाली रचावी. हे टाळले तर पुसलेल्या फाइलींचे अवशेष आत राहतात, ते नीट आवळले जात नाहीत आणि शेवटचा भाग फ्लॉपीबाहेर राहू शकतो. डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने कर्नल पहिल्या सेक्टरपासून लिहावा. तो 450 केबीचा असेल तर आवळलेली प्रतिमा 450 केबी सोडून त्यापुढे लिहावी. मग कर्नलमधल्या नोंदी बदलणाऱ्या आरडेव्ह या आज्ञेने कर्नलला दोन गोष्टी सांगाव्यात: मूळ फाइलप्रणाली फ्लॉपीवर आहे, आणि रॅमडिस्कचा आकडा 16834. हा आकडा म्हणजे 'रॅमडिस्क भर' या खुणेचे 16384 अधिक 450. फ्लॉपी दोन असतील तर 49152 द्यावा. मग कर्नल थांबून दुसरी फ्लॉपी मागतो.

तयार प्रतिमा डॉसमधून रॉराइट या प्रोग्रामने लिहिता येते. लिहून झाल्यावर फ्लॉपी परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहावी. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि दोष लिनक्सला देतात. प्रत्यक्षात 'सीआरसी एरर' (वाचलेला मजकूर बिघडल्याची सूचना) दिसली, तर बहुधा फ्लॉपी खराब असते, क्वचित रॅम. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात. झडप सरकवून चकती हाताने फिरवली की ते दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये. हेडला बुरशी चिकटली की पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. एका ड्राइव्हमध्ये लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्यात वाचली गेली नाही, तर दोन्हींच्या हेडची जुळणी वेगळी आहे. ज्या यंत्रात चालवायची त्याच यंत्रात ती लिहावी.

हार्ड डिस्कवर बसवायचे तर डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कने दोन पार्टिशन करावीत: स्वॅपला (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेला) प्रकार 82, लिनक्सला 83. 8 एमबी रॅमच्या यंत्रात 4 एमबी रॅमडिस्कलाच गेल्यामुळे स्वॅप आधी चालू करावे, नाहीतर फाइलींची नक्कल मध्येच अडकते. जुना बायोस 1,024 सिलिंडरपलीकडे वाचत नाही, म्हणून कर्नलसाठी डिस्कच्या सुरुवातीलाच छोटे पार्टिशन राखावे. शेवटी हार्ड डिस्कवरून कर्नल सुरू करून देणारा लिलो चालवावा. कर्नल बदलल्यावर तो पुन्हा चालवायला विसरले, तर जुन्या जागी शोधाशोध होऊन बूट अडते. पडद्यावर फक्त 'एल-आय' ही दोन अक्षरे उमटून यंत्र थांबले, तर बायोस आणि लिलो यांची डिस्कच्या मापांबद्दलची समजूत जुळलेली नाही, किंवा लिलोची बूट फाइल जागेवरून हलली आहे. पुन्हा फ्लॉपीवरून बूट करून, पार्टिशन जोडून लिलो परत चालवावा.

आयसा या जुन्या प्रकारच्या स्लॉटमधल्या एनई2000 नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलला नंतर जोडून, घातला की तो कार्डाचा पत्ता स्वतः शोधत नाही. पत्ता हातानेच द्यावा लागतो, बहुधा हेक्स 300.