वाफेचं छोटं इंजिन, रेडिओ आणि ‘रेग्युलेटर’चा घोळ

मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ मध्ये. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला बॉयलर, पिस्टन, व्हॉल्व्ह समजावून सांगावे लागत नाहीत. पण ४५ मिलिमीटर गेजचं (म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर), खऱ्या वाफेवरचं छोटं मॉडेल इंजिन पळवायचं तर इथे बहुतेकांकडे जागा गच्चीचीच, आणि गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार असतोच. वाफ एकदा ठरवून सोडली की इंजिन चढाला दमतं, उताराला सुसाट सुटतं आणि वळणावर रूळ सोडतं. विजेच्या गाडीसारखा रुळातला करंट कमी-जास्त करायची सोय इथे नाही. इंजिनामागे पळायचं आणि तापलेल्या कॅबमध्ये बोट घालायचं, एवढंच हाती होतं. रेडिओ, म्हणजे दुरून चालवायचा रिमोट, आला तो यासाठी.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओवर होडी चालवून दाखवली गेली होती. वाफेच्या छोट्या इंजिनात तो बसला फार नंतर, सर्वो मोटर (सांगितलं तेवढंच फिरून थांबणारी छोटी मोटर) बोटभर आकाराची झाल्यावर.

खरा घोळ एका शब्दाचा आहे: रेडिओ फिरवतो तो ‘रेग्युलेटर’. रेग्युलेटर म्हटलं की आपल्याला स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरवरचा आठवतो, आणि या इंजिनात ब्युटेन गॅसची टाकीही असते. त्यामुळे रेडिओने आच कमी-जास्त होते, असा समज हमखास होतो. तसं नाही. इंजिनाचा रेग्युलेटर म्हणजे बॉयलरमधून पिस्टनच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह. पहिला सर्वो त्याच्यावर, दुसरा पुढे-मागे करणाऱ्या रिव्हर्सिंग गिअरवर. गॅसचा व्हॉल्व्ह हातानेच लावायचा. बर्नरचं जेट इतकं बारीक असतं की गॅस जरा जास्त कमी केला तर ज्योतच विझते. जादा वाफ सेफ्टी व्हॉल्व्ह सोडून देतो. म्हणूनच ‘रेडिओ लावला की ड्रायव्हरपण संपलं’ हा आक्षेप मला पटत नाही. आग, पाणी, तेल सगळं माणसाकडेच राहतं.

रेडिओ २७ मेगाहर्ट्झवर चालायचा त्या काळात एकाच क्रिस्टलचे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचे, दोन सेट सुरू झाले की एकाच्या रिमोटच्या काडीवर दुसऱ्याचं इंजिन हलायचं. २.४ गिगाहर्ट्झने ते थांबवलं. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. लांब एरियलची वायरही गेली. मात्र इंजिनातला सिग्नल घेणारा रिसीव्हर बॉयलरच्या धगीपासून दूर, शक्यतो टेंडरमध्येच (इंजिनाला जोडलेल्या मागच्या डब्यात) ठेवावा लागतो.

सिग्नल तुटला तर काही रिसीव्हर शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतात, म्हणजे वाफ उघडीच राहते. ज्यात फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्वोने कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवायची सोय) लावता येतो, त्यात तो रेग्युलेटर पूर्ण बंद ठेवूनच सेट करावा.