मृत्यूची भरपाई आणि जीव वाचवण्याचा हिशेब

मोठा अपघात झाला, मदत जाहीर झाली की ‘माणसाच्या जिवाची किंमत एवढीच का?’ हा सवाल हमखास येतो. एखादं वाहन धडक देऊन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम २५ हजार होती. तिकडे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने रस्त्यांचे प्रकल्प तपासताना २०२३ सालासाठी एका जिवामागे १ कोटी ३२ लाख डॉलर धरले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की राग येणारच. दोन्ही देशांतली तफावत खरी आहे, पण ही तुलना मात्र चुकीची आहे. पहिला आकडा माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांच्या हातात पडतो. दुसरा कुणालाच मिळत नाही. कोण मरणार हे ठाऊक नसताना मरण टाळायला किती खर्च करावा, हे ठरवण्यापुरता तो कागदावर असतो.

आधी भरपाई पाहू. वाहन अपघाताचा क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. कायदा ‘न्याय्य भरपाई’ द्या म्हणतो. ती काढायची कशी, हे सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलं.

समजा, मृताचं वय ३२, कायम नसलेली खासगी नोकरी, पगार महिना २० हजार. म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे पगार वाढला असता, म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: ३ लाख ३६ हजार. बायको, दोन मुलं आणि आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: २ लाख ५२ हजार. ही रक्कम किती पट धरायची हे वयावर ठरतं, त्याला गुणक म्हणतात. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६. गुणाकार केला की ४० लाख ३२ हजार. अंत्यसंस्कार, सहवासाला मुकणं वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता त्याच गाडीत २४ वर्षांचा, १२ हजार पगाराचा अविवाहित मुलगा होता असं धरा. वर्षाचे १ लाख ४४ हजार, ४० टक्के वाढ धरून २ लाख १ हजार ६००. लग्न झालेलं नाही म्हणून निम्मे वजा, उरले १ लाख ८०० आणि गुणक १८. हाती येतात १८ लाख १४ हजार ४००.

वयाने लहान, पुढचं सगळं आयुष्य बाकी, तरी रक्कम निम्म्याहून कमी. हे मनाला पटत नाही, पण न्यायालयाने त्याच्या जिवाची किंमत काढलेलीच नाही. घरात येणारा किती पैसा थांबला, एवढाच प्रश्न तिथे आहे. या पद्धतीची खरी अडचण पगार नसलेल्यांपाशी होते. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीचं उत्पन्न कागदावर शून्य, मग तिच्या मृत्यूची भरपाई किती? १९८९ साली जमशेदपूरला लागलेल्या आगीच्या प्रकरणात, २००१ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं. त्याच दिशेने पुढे जात २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की तिच्या अशा मानीव उत्पन्नातही भविष्यातली वाढ मिळवावी. म्हणजे त्या पद्धतीच्या चौकटीतच ठिगळ लावावं लागलं.

दुसऱ्या हिशेबात उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कारण तिथे माणूसच ठरलेला नसतो. एका घाटरस्त्यावरून वर्षाला लाखभर लोक जातात. कठडा नीट बांधला तर प्रत्येकाचा मरणाचा धोका लाखात एकाने कमी होतो. म्हणजे वर्षाला सरासरी एक जीव वाचेल, पण कोणाचा ते कधीच कळणार नाही. आता त्यातल्या प्रत्येकाला विचारा, या जरा जास्त सुरक्षित रस्त्यासाठी वर्षाला किती द्याल? सरासरी उत्तर १५० रुपये आलं, तर लाखभर लोकांचे मिळून दीड कोटी. कठड्यावर एवढा खर्च करणं लोकांना पटतं, इतकाच त्याचा अर्थ. दीड कोटी घेऊन मरायला यातला एकही जण तयार झालेला नाही. अर्थशास्त्रात याला ‘व्हॅल्यू ऑफ स्टॅटिस्टिकल लाइफ’ (सांख्यिकी जिवाचं मोल) म्हणतात. सगळा गोंधळ या नावाने केलाय, कारण नावात जीव आहे, पण मोजला जातो तो धोका.

प्रत्यक्षात हा आकडा लोकांना विचारून काढतात, नाहीतर जोखमीच्या कामाला मजुरी किती जास्त मिळते त्यावरून काढतात. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये हा विचार नीट मांडला. तोवर, आणि पुढेही काही वर्षं, सरकारी कागदांवर मृत्यूची ‘किंमत’ म्हणजे बुडालेली कमाई, असंच समीकरण होतं.

दोन हिशेबांची सरमिसळ झाली की काय होतं, हे फोर्ड कंपनीच्या १९७३ सालच्या टिपणात दिसतं. मागून धडक बसली की पेट घेणाऱ्या पिंटो या फोर्डच्या गाडीच्या प्रकरणामुळे ते गाजलं, पण त्यातला हिशेब सगळ्याच मोटारींचा होता. गाडी उलटल्यावर टाकीतून इंधन गळून आग लागते. ते रोखायला गाडीमागे ११ डॉलर खर्च. १ कोटी २५ लाख गाड्यांचे झाले सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. फायद्याच्या बाजूला १८० मृत्यू, भाजलेले १८० आणि जळालेल्या २,१०० गाड्या, एकूण ४ कोटी ९५ लाख. म्हणजे दुरुस्ती परवडत नाही. पण एका मृत्यूचे २ लाख डॉलर आले कुठून? अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा यंत्रणेच्या १९७२ च्या आकड्यावरून. त्यात बहुतेक रक्कम बुडालेल्या कमाईची होती, अगदी अंत्यसंस्काराचे ९०० डॉलरही धरलेले. मरण टाळायचं की नाही हे त्यांनी भरपाईच्या फूटपट्टीने मोजलं. बाकी सगळं तसंच ठेवून एका जिवामागे सुमारे ७ लाख डॉलर धरले असते, तरी पारडं फिरलं असतं. लोक चिडले ते जिवाला आकडा लावला म्हणून. माझ्या मते त्याहून मोठा दोष हा की आकडा चुकीच्या खात्यातला होता.

अमेरिकेतच दशकभरानंतर याचा पडताळा आला. कामगारांना घातक रसायनांची माहिती देण्याचा नियम ‘खर्च जास्त, फायदा कमी’ म्हणून अडला होता. बुडालेल्या कमाईऐवजी धोका टाळण्याचं मोल धरून पुन्हा मांडणी केली, तेव्हा फायद्याची बाजू सुमारे दहा पट झाली आणि नियम १९८३ साली आला.

दुसरा हिशेब निर्दोष आहे असं मुळीच नाही. खिशात पैसे नाहीत तो १५० ऐवजी १५ रुपये म्हणेल. म्हणून काही त्याला जीव कमी प्यारा नसतो. १९९५ च्या सुमारास हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालात श्रीमंत देशांतल्या माणसाचं मोल गरीब देशांतल्या माणसाच्या कितीतरी पट धरलं गेलं, तेव्हा भारताने कडाडून हरकत घेतली. ती रास्तच होती. देशांतर्गत निर्णयांत तरी सर्वांना एकच आकडा लावावा, हे मला योग्य वाटतं. अमेरिकेचं वाहतूक खातं तसंच करतं, प्रवासी वकील असो की हमाल.

(रस्त्यावरच्या जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत मिळणारे २५ हजार या दोन्हींत बसत नाहीत. ते मदतीला धावणाऱ्याचं बक्षीस आहे. वाचलेल्या जिवाशी त्या रकमेचा संबंध नाही.)

चेहरा दिसतो तेव्हा आपण कुठलाच हिशेब करत नाही. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्राजवळ बोअरवेलमध्ये पाच वर्षांचा मुलगा पडला. लष्कराने शेजारच्या विहिरीतून बोगदा खणून त्याला काढलं, सारा देश टीव्हीसमोर बसला होता आणि खर्च कुणीही विचारला नाही. विचारूही नये. मग २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: खोदताना कुंपण हवं, तोंडाला पक्कं लोखंडी झाकण हवं, बंद पडलेली बोअर बुजवायला हवी. त्यानंतरही मुलं पडतच राहिली. झाकण बसलं की कुणी पडत नाही, त्यामुळे कोणाचं मूल वाचलं हेही कळत नाही, आणि त्याच्यासाठी टीव्हीसमोर कुणी बसत नाही. भरपाईच्या पद्धतीने त्या मुलाचं मोल काढायला जाल तर पगार नाही, अवलंबून कुणी नाही, मानीव उत्पन्न धरल्याशिवाय उत्तर जवळपास काहीच येत नाही. ग्रामपंचायतीत झाकणाच्या खर्चाचा विषय निघेल, तेव्हा समोर ठेवायचा तो घाटातल्या कठड्याचा हिशेब.