निरोप आणि सीलबंद पेटी: टेक्स्टमेसेज व बाइट्समेसेजमधला फरक

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराच्या मासळीची नोंद ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं काम काही काळ माझ्याकडे होतं. एके दिवशी पावत्यांवर बंदराच्या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं उमटली: ?????. पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये 'हर्णै' व्यवस्थित दिसत होतं. घेणाऱ्याच्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हं. मधल्या क्यूने (निरोप पोचेपर्यंत ते रांगेत सांभाळणाऱ्या यंत्रणेने) काहीच बदललेलं नव्हतं, आणि नेमकं तिथेच उत्तर होतं.

जावा प्रोग्राम अशा क्यूमधून एकमेकांना मेसेज पाठवतात ते जेएमएसच्या, म्हणजे जावा मेसेज सर्व्हिसच्या, नियमांनी. त्यात माहिती नेणारे मेसेजचे पाच प्रकार आहेत: टेक्स्ट, बाइट्स, मॅप, स्ट्रीम आणि ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टच्या वाटेला मी जात नाही. बाहेरून आलेलं सीरियलाइज्ड (बाइट्समध्ये बांधून पाठवलेलं) जावा ऑब्जेक्ट उघडणं सुरक्षेच्या दृष्टीने घातक आहे. मॅप आणि स्ट्रीम क्वचित लागतात. रोजची गल्लत होते ती टेक्स्ट आणि बाइट्समध्ये, कारण जेसन आणि एक्सएमएल (माहिती मजकुरात मांडायच्या दोन पद्धती) दोन्हींतून जातात आणि चाचणीत दोन्ही सारखीच चालतात.

टेक्स्टमेसेज म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेला निरोप. तुम्ही अक्षरं देता, समोरच्याला अक्षरं मिळतात. वाटेत ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट्स करायच्या पद्धतीत) गेली, यूटीएफ-८ की यूटीएफ-१६, ते सांभाळणं मेसेजिंग यंत्रणेचं काम. बाइट्समेसेज म्हणजे त्याच एसटीत टाकलेली आंब्याची सीलबंद पेटी. आत काय आहे ते ड्रायव्हर बघत नाही, हात लावत नाही. जशी चढली तशीच उतरते, आणि आतल्या मालाची जबाबदारी पूर्णपणे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची.

आमचा पाठवणारा प्रोग्राम बाइट्समेसेज वापरत होता आणि स्ट्रिंगचे बाइट्स काढताना एन्कोडिंग सांगतच नव्हता. जावा १८च्या (२०२२) आधी अशा वेळी मशीनचं ठरलेलं एन्कोडिंग वापरलं जायचं. त्या विंडोज मशीनवर ते विंडोज-१२५२ होतं, ज्यात देवनागरी नाही. 'हर्णै' डोळ्यांना छोटं दिसतं, पण संगणकासाठी ती पाच चिन्हं आहेत: ह, र, हलन्त, ण आणि वरच्या दोन मात्रांचं मिळून एक चिन्ह. पाचांचीही जागा प्रश्नचिन्हाने घेतली. पेटी भरतानाच आंब्याऐवजी दगड गेले होते.

पाच हा आकडा लक्षात ठेवा, निदानाला फार उपयोगी पडतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणजे 'हर्णै'चे १५. हे पंधरा बाइट्स नीट आले आणि घेणाऱ्याने लॅटिन-१ हे दुसरं एन्कोडिंग समजून वाचले, तर १५ चित्रविचित्र चिन्हं होतात, त्यातली काही दिसतही नाहीत. तेव्हा जीव भांड्यात पडू द्या: माल शाबूत आहे, वाचन तेवढं सुधारायचं. पाच प्रश्नचिन्हं आली तर अक्षरं कायमची गेली. आम्हाला त्या दिवसांच्या पावत्या कागदी बिलांवरून हाताने पुन्हा भराव्या लागल्या. असं काम वाढलं की त्रास होतो तो जेटीवर पावतीसाठी ताटकळणाऱ्या माणसाला, म्हणून मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही.

मग सगळं टेक्स्टमध्येच का पाठवू नये? शीतगृहातला वजनकाटा घ्या. तो १२५० हा आकडा ४ बाइट्समध्ये देतो. जावा मोठ्या किमतीचा बाइट आधी वाचतं: ०, ०, ४, २२६ (४ × २५६ + २२६). पण काट्याचा प्रोग्राम सी भाषेत, नेहमीच्या इंटेल प्रोसेसरवर असेल तर क्रम उलटा येतो: २२६, ४, ०, ०. जावा तो उणे ५०,३०,५४,३३६ असा वाचेल. इथे बाइट्समेसेजच योग्य, फक्त क्रम दोन्हीकडच्या लोकांनी लिहून ठरवायला हवा. फोटो, पीडीएफ, झिप यांचंही तसंच. ते टेक्स्टमध्ये कोंबायचे तर बेस६४ करावं (बाइट्स साध्या अक्षरांत लिहावे) लागतं आणि आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो.

बाइट्समेसेजची आणखी एक खोड: तो टेपसारखा वाचला जातो. लॉग लिहिणाऱ्या कोडने तो आधी शेवटपर्यंत वाचला, तर पुढच्या कोडला काहीच मिळत नाही. मध्ये 'रीसेट' लागतं.

कधी कधी प्रकार आपण निवडतही नाही, तो ठरून येतो. आयबीएम एमक्यू या क्यू सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोबॉल भाषेतल्या प्रोग्रामने टाकलेल्या मेसेजच्या फॉरमॅटच्या रकान्यात 'एमक्यूएसटीआर' असेल तर जेएमएसला तो टेक्स्ट म्हणून मिळतो. रकाना कोरा असेल तर बाइट्स म्हणून. ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉम्पने (मेसेज पाठवायच्या एका साध्या प्रोटोकॉलने) पाठवताना 'कंटेंट-लेंथ' हेडर जोडलं तर बाइट्स, नसेल तर टेक्स्ट. आत अक्षर न् अक्षर तेच, तरी घेणाऱ्याने डोळे मिटून बाइट्समेसेज टेक्स्टमेसेजमध्ये कास्ट केला (टेक्स्टमेसेजच आहे असं धरलं) की क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे जावाची प्रकार न जुळल्याची चूक. त्यात ट्रान्झॅक्शन मागे फिरलं (मेसेज घेतल्याचं रद्द होऊन तो क्यूत परत गेला) तर तोच मेसेज पुन्हा पुन्हा येत राहतो. म्हणून आधी प्रकार तपासायचा, मगच उघडायचा.

डिजिटल सही केलेलं एक्सएमएल मात्र दिसायला मजकूर असलं तरी मी बाइट्समध्येच पाठवतो. सही थेट फाइलच्या बाइट्सवर केलेली असेल आणि वाटेत एन्कोडिंग बदललं, तर ती जुळत नाही. शिवाय फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं आणि प्रत्यक्षात आत दुसरंच, असंही होऊन बसतं.