होकोतोको: आवाजावरून सापडलेला पक्षी

पावसाच्या तोंडावर कोकणात, सह्याद्रीत नवरंग दिसायला लागतो. इंग्रजीत त्याला पिटा म्हणतात. हा शब्द मुळात तेलुगूतला. तिथे पिट्ट म्हणजे छोटा पक्षी. हेच नाव पुढे पार दक्षिण अमेरिकेतल्या अँटपिटांना चिकटलं. आखूड शेपटी, लांब पाय आणि ओल्या पाल्यात किडे शोधत फिरायची सवय, साम्य एवढंच. कुळं मात्र वेगळी.

या अँटपिटांपैकी होकोतोको मला सगळ्यात जवळचा वाटतो. दक्षिण इक्वेडोरमध्ये अँडीजच्या पूर्व उतारावर, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, धुक्याने कायम भिजलेल्या जंगलात तो राहतो. तिथे बांबूची दाट जाळी असते. नोव्हेंबर १९९७मध्ये पक्षितज्ज्ञ रॉबर्ट रिजली आणि त्यांच्या सोबत्यांना तिथे एक अनोळखी हुंकार ऐकू आला. त्यांनी तो टेप केला आणि तिथेच परत वाजवला. आपल्या हद्दीत दुसरा कोण आला ते बघायला पक्षी स्वतःच पुढे आला! काळी टोपी, डोळ्याखाली पांढराशुभ्र पट्टा आणि अंगाने चांगला भरलेला. १९९९मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं आणि रिजलींच्या नावावरून त्याला ‘ग्रॅलॅरिया रिजलीआय’ हे नाव मिळालं. ‘होकोतोको’ हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं. स्पॅनिशमध्ये ते ‘जे’ने लिहितात, पण उच्चार ‘ह’ होतो, म्हणून कुणी ‘जोकोटोको’ म्हटलं की त्यातला हुंकारच हरवतो.

एवढा ठळक पक्षी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्राला माहीत नव्हता, कारण तो झाडाच्या शेंड्यावर येऊन बसत नाही. त्याला पायाखाली ओला पाला आणि डोक्यावर सावली लागते. जंगल तोडून गुरांसाठी कुरण केलं की दोन्ही गेलं. उडून दूर जावं, तर पलीकडेही तसंच भिजलेलं बांबूचं रान हवं, आणि ते थोडंच उरलं आहे. उत्तर पेरूतही त्याच्या नोंदी आहेत, पण एकूण टापू लहानच. म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे.

त्याच्यासाठी १९९८मध्येच, म्हणजे शास्त्रीय नाव मिळण्याच्याही आधी, इक्वेडोरमध्ये होकोतोको फाउंडेशन उभं राहिलं. या संस्थेने तिथली जमीन सरळ विकत घेतली आणि तापिचालाका हे राखीव जंगल केलं. आता तिथले रक्षक सकाळी ठरलेल्या जागी गांडुळं ठेवतात आणि हाका मारतात. झुडपाखालून लांब पायांच्या दोन-तीन उड्या, मग क्षणभर स्तब्ध. अंधारात आधी तो पांढरा पट्टाच दिसतो. चोचीत गांडूळ घेतलं की पक्षी परत आत.

रानटी पक्ष्याला असं खाऊ घालणं काहींना खटकतं. मला ते इथे पटतं, कारण त्याला पाहायला येणाऱ्यांच्या पैशाचा राखणीला हातभार लागतो. शिवाय गांडुळं मोजकी असतात. उरलेला दिवस तो पाल्यातच पोट भरतो, आणि तो पाला पडायला डोक्यावर झाडं उभी असावी लागतात.