गीतहक्क व संगीत-प्रकाशन (कोकण)

गाण्याचे शब्द आणि चाल यांवरील हक्क सांभाळणे, ते वापरण्याचे परवाने देणे आणि त्यातून येणारे स्वामित्वधन (रॉयल्टी) गीतकार-संगीतकारांच्या हाती पोचवणे, या व्यवसायाला संगीत-प्रकाशन म्हणतात. ध्वनिमुद्रण विकणाऱ्या कंपनीचे काम याहून वेगळे. एकाच गाण्यात शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गायकाचे सादरीकरण असे चार निरनिराळे हक्क असतात, आणि कोकणातल्या गीतकाराचे नुकसान बहुतेकदा ते एकच समजल्याने होते.

गाणे कोणाचे, हे सांगण्याची रीत कोकणात कायद्याहून जुनी आहे. शक्ती-तुरा (जाखडी) म्हणजे दोन पक्षांची गाण्या-नाचाची जुगलबंदी. तिच्या बारीत, म्हणजे सामन्यात, शक्तीवाले पार्वतीची, तर तुरेवाले शंकराची बाजू लावून धरतात. गण, गौळण, मग सवाल-जवाब. पदाच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव, बहुधा गुरूचे आणि गावाचेही, गुंफलेले असते. ही नाममुद्रा. गाणारा शाहीर दुसरा असला तरी पद कोणाचे ते भर मांडवात सांगितले जाते. मोबाईलवर फिरणाऱ्या मिनिटभराच्या तुकड्यात नेमके हेच कडवे नसते. पद गावोगाव पोचते, कवी मागे राहतो.

कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 57 ने नाममुद्रेमागची भावनाच मान्य केली आहे. हक्क विकले तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. पैशाच्या बाबतीत मोठा बदल 2012 च्या दुरुस्तीने झाला. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा गीतकार-संगीतकाराला कायमचा लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला देता येतो. अशी संस्था म्हणजे 1969 साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ‘एकरकमी घ्या आणि सही करा’ म्हणणाऱ्यापुढे कवीला ही दुरुस्ती ठाऊक असणे फार मोलाचे आहे. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, हेही ठाऊक हवे.

शाहिराची वही उघडली की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ लिहून पुढे एखाद्या सिनेगीताचा मुखडा टिपलेला असतो. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, गजरांतही (भजनांतही) हे सर्रास चालते. अशा पदाचे शब्द कवीचे, चाल मात्र दुसऱ्याची. गणपतीपुढच्या भजनाला कायद्याने सूट आहे. तेच ध्वनिमुद्रित करून विकायचे तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. आपला हक्क मागणाऱ्याने हा हक्कही पाळला पाहिजे.

पारंपरिक कोळीगीतांची चाल कोणा एकाची नाही. तिच्यावर नव्याने रचलेले शब्द मात्र रचणाऱ्याचे. दशावतार या कोकणी लोकनाट्यात संभाषणे रंगमंचावरच सुचतात, संहिता नसते. तिथे कलाकाराला सादरीकरणाच्या हक्काचा आधार मिळतो. त्याची मुदत 50 वर्षांची आहे.

म्हणून गीतकारांच्या बाजूने उभे राहू पाहणाऱ्याचे काम कोकणात वहीपासूनच सुरू होते. प्रत्येक पदावर कवीचे नाव व तारीख घालणे, पानांचे फोटो काढून ठेवणे, उसनी चाल आणि स्वतःची चाल वेगळी नोंदवणे, करार कवीला मराठीत वाचून दाखवणे, मग संस्थेकडे गाण्यांची नोंद करणे. हक्क निर्माण होण्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला की पुरावा लागतो. घरातल्या ट्रंकेत पडलेल्या वह्याही यात येतात. शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. 1980 साली वारलेल्या कवीने तो विकला नसेल, तर त्याच्या पदांवर 2040 अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे.